डोंगरवाटेवर भीड नको

दिवाळी होते, भाताची सोंगणी आटोपते, पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागते आणि गावोगावच्या 'फिरायला जाणाऱ्या' मंडळींना डोंगराचे वेध लागतात. रोज सकाळी कॅनॉलच्या रस्त्याने किंवा शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारून चार-पाच किलोमीटर चालणारी, चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली ही मंडळी. एखाद्या रविवारी गडावर जायचे ठरते. गाडी ठरते, कोणी पोळ्या आणायच्या आणि कोणी ठेचा, हेही ठरते. प्रकृतीचा विचार मात्र आदल्या दिवशी संध्याकाळी सुचतो. मग दवाखान्यात येऊन विचारतात, "डॉक्टर, उद्या गडावर चाललोय. जाऊ ना?"

"जरूर जा" असे म्हणायला मला मनापासून आवडते. उघड्या हवेत, चार मित्रांच्या संगतीत दिवसभर चालण्याइतके स्वस्त आणि गुणकारी औषध माझ्याकडे नाही. पण हे औषधही माणूस पाहून आणि मात्रा ठरवूनच घ्यावे लागते. आजचा लेख त्यासाठीच.

सपाटी वेगळी, चढ वेगळा

"मी रोज पाच किलोमीटर चालतो, मला काय होणार?" हा समज सर्वांत जास्त आढळतो. रोजचे चालणे चांगलेच. परंतु सपाटीवर आपण शरीर फक्त पुढे नेतो, चढावर ते वरही उचलावे लागते. नेहमीच्या चालण्यापेक्षा चढावर शरीराला साधारण दुप्पट प्राणवायू लागतो. तो पुरवण्यासाठी हृदय जलद आणि जोराने चालते.

आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेचा हरिश्चंद्रगड घ्या. त्याची उंची १४२४ मीटर. खिरेश्वरकडून टोलार खिंडीने येणारी वाट लांब, नळीची वाट तर कसलेल्या गिर्यारोहकांचीच. त्या मानाने अकोले तालुक्यातल्या पाचनई गावाकडून जाणारी वाट सोपी समजली जाते आणि आमच्यासारखी प्रौढ मंडळी तिनेच जातात. तरीही मंदिरापर्यंत ढोबळमानाने चारशे मीटर चढावे लागते. घराचा एक मजला तीन मीटरचा धरला तर हे सव्वाशेहून अधिक मजले झाले. ज्याला दोन मजले चढल्यावर कठड्याला धरून उभे राहावे लागते, त्याने हा हिशेब जरूर मांडावा. राज्यातले सर्वोच्च शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर. तिथला चढ याहून पुष्कळ मोठा आहे आणि वाटेत लोखंडी शिड्याही आहेत. पहिल्याच खेपेला प्रौढांनी तिकडे वळू नये, असे माझे मत आहे.

आधी कोणी विचारावे

ज्यांना पूर्वी हृदयविकार झाला आहे, मधुमेह किंवा रक्तदाब आहे, दमा आहे, मूत्रपिंडाचा त्रास आहे, जे विडी-सिगारेट ओढतात किंवा तंबाखू खातात, ज्यांच्या वडिलांना वा भावाला कमी वयात हृदयविकाराचा झटका आला होता, त्यांनी निदान तीन-चार आठवडे आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे. आदल्या दिवशी केवळ रक्तदाब मोजून कोणालाही खात्री देता येत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. स्वस्थ पडून काढलेला ईसीजी अगदी नीट असला तरी श्रमाच्या वेळी हृदयाला रक्त कमी पडणार नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. गरज वाटल्यास डॉक्टर चालत्या पट्ट्यावरची तपासणी सुचवतील. ती टाळू नये.

औषधांविषयी थोडेसे. रक्तदाबासाठी अॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांची नाडी श्रमाने फारशी वाढत नाही. त्यांनी नाडीच्या आकड्यावर विसंबू नये. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांच्या अंगातले पाणी आणि क्षार उन्हात लवकर कमी होतात. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईड, ग्लिबेनक्लेमाईड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर दिवसभराच्या चालण्याने एकदम उतरू शकते. त्या दिवशीची मात्रा किती, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. आपल्या मनाने गोळी बंद करू नये आणि उपाशीपोटी नेहमीची मात्राही घेऊ नये.

तयारी दीड महिन्याची

चढ चढायला शिकवणारे सर्वांत सोपे साधन म्हणजे जिना. आठवड्यातून तीन दिवस, आधी पाच मिनिटे, मग हळूहळू वाढवत वीस मिनिटांपर्यंत जिना चढावा-उतरावा. गावाजवळ टेकडी असेल तर उत्तमच. मांडीच्या पुढच्या स्नायूंसाठी खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा. एवढेसे वाटणारे हे काम गुडघ्यांच्या किती उपयोगाचे आहे, ते उतरताना कळते. नवे बूट गडावरच पहिल्यांदा घालू नयेत. पंधरा दिवस आधीपासून घालून ते पायाच्या सवयीचे करावेत. बोटांपुढे थोडी जागा हवी, तळ खडबडीत हवा. मधुमेही माणसाने चप्पल किंवा सँडल घालून डोंगरात जाऊच नये. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर खडा रुतलेलाही कळत नाही आणि साध्या फोडाची जखम चिघळायला वेळ लागत नाही.

पाठीवरची पिशवी

दोन ते अडीच लिटर पाणी, जलसंजीवनीची दोन पाकिटे, गूळ-शेंगदाणे किंवा राजगिऱ्याचे लाडू, ग्लुकोजची पुडी, टोपी, पातळ स्वेटर, विजेरी, पट्टी व चिकटपट्टी, रोजची औषधे आणि एक काठी. याशिवाय एका चिठ्ठीवर आपले नाव, आजार, चालू औषधे आणि घरचा फोन नंबर लिहून ती वरच्या खिशात ठेवा. वेळ आली की ही चिठ्ठीच तुमच्या वतीने बोलते.

पाण्याबद्दल दोन टोके दिसतात. काहीजण 'वाटेत जावे लागू नये' म्हणून पाणीच पीत नाहीत. भगिनीवर्गात हे प्रमाण फार. दुसरीकडे काहीजण तासाभरात दोन लिटर रिचवतात. दोन्ही चूक. दर पंधरा-वीस मिनिटांनी तीन-चार घोट घ्यावेत. घाम फार येत असेल तर जलसंजीवनी घ्यावी. एक पाकीट एक लिटर पाण्यात, त्याहून कमी पाण्यात नाही. गडावरच्या टाक्यांतले किंवा ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी तसेच पिऊ नये. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून घ्यायला सांगितले आहे, त्यांनी आपला हिशेब डॉक्टरांना आधी विचारून ठेवावा.

चढताना

पहिली वीस मिनिटे मुद्दाम हळू चाला. गाडीतून उतरलेले शरीर थंड असते. उत्साह मात्र गरम असतो, आणि पहिल्याच चढावर अर्ध्या लोकांचा दम निघतो. वेगाची कसोटी अगदी सोपी आहे. चालताना शेजाऱ्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास तुटत असेल तर वेग जास्त आहे. थांबायचे झाले तर दोन-तीन मिनिटे उभ्यानेच, काठीवर भार टाकून थांबावे. फार दमल्यावर एकदम स्तब्ध उभे राहिले तर काहींना घेरी येते. पाय थोडे हलते ठेवावेत. डोके हलके वाटले तर मात्र लगेच खाली बसावे.

गटाची रचनाही आरोग्याचाच भाग आहे. सर्वांत सावकाश चालणारा माणूस पुढे ठेवावा आणि एका जाणत्या, सशक्त माणसाने सर्वांच्या शेवटी चालावे. त्याने कोणालाही आपल्या मागे राहू देऊ नये. आपल्याकडे नेमके उलटे होते. जोमदार मंडळी पुढे जाऊन झाडाखाली बसतात आणि मागचे धापा टाकत पोचले की "चला आता" म्हणून उठतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज नाही त्याला ती मिळते आणि ज्याला आहे त्याला मिळत नाही.

लाजेने झाकलेले दुखणे

या विषयातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग आता सांगतो. त्यासाठी आमच्याच मंडळातल्या एका सद्गृहस्थांची हकिगत, त्यांच्या परवानगीने व नाव न देता, देत आहे.

हे निवृत्त शिक्षक. वय साठीच्या आत. रोज नेमाने चालणारे, व्यसन नाही, मधुमेह आहे पण आटोक्यात. आम्ही चौदाजण पाचनईकडून चढत होतो. सुरुवातीचा चढ संपता संपता गुरुजी वाकून बुटाची नाडी बांधू लागले. थोड्या वेळाने पुन्हा नाडी. सर्वांच्या मागे चालणाऱ्या आमच्या मित्राने तिसऱ्या वेळी पाहिले, की नाडी सुटलेलीच नव्हती. त्याने मला हाक मारली.

मी विचारले, "गुरुजी, काय होतंय?"

"काही नाही हो डॉक्टर. सकाळी चहा जास्त झाला, पित्त उसळलंय. तुम्ही व्हा पुढे, मी येतो मागून."

जरा खोदून विचारल्यावर कळले, की छातीच्या मधोमध आवळल्यासारखे होते, डाव्या जबड्यापर्यंत ओढ लागते, नाडी बांधायला थांबले की तीन-चार मिनिटांत ते जाते आणि चढू लागले की पुन्हा येते. पित्ताला चढ-उतार कळत नाही. श्रमाने येणारे आणि विश्रांतीने जाणारे छातीतले दडपण हे हृदयाला रक्त कमी पडत असल्याचे लक्षण आहे, हे प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. गुरुजींना सावलीत बसवले. दुखणे पूर्ण थांबल्यावर, पाठीवरचे ओझे काढून घेऊन, पावला-पावलाने थांबत दोघांच्या मदतीने खाली आणले. अंतर थोडेच होते. ते थांबले नसते तर मी त्यांना एक पाऊलही चालू दिले नसते. त्याच दिवशी त्यांना नाशिकला हलवले. तपासणीत हृदयाच्या एका मोठ्या रोहिणीत बराच अडथळा निघाला. तिथे स्टेंट बसवला. आज ते पुन्हा सकाळी फिरतात.

पुढे एकदा त्यांना मी विचारले, "पहिल्यांदा दुखले तेव्हाच का नाही सांगितले?" ते म्हणाले, "सगळे इतके आनंदात होते. माझ्यामुळे चौदा माणसांचा विरस कशाला?"

वाचकहो, 'भीड भिकेची बहीण' असे आपले वाडवडील सांगून गेले. डोंगरात ती त्याहून वाईट ठरू शकते. अनोळखी लोकांत माणूस एकवेळ 'मला जमत नाही' म्हणेल. मित्रांत त्याला लाज वाटते. कोणी थट्टा करील, कोणी 'वय झालं' म्हणेल, ही धास्ती. म्हणून गटातल्या प्रत्येकाने निघण्यापूर्वीच एक नियम मोठ्याने बोलून घ्यावा: कोणीही, कुठेही, कारण न सांगता 'मी थांबतो' म्हणू शकतो, त्याच्यासोबत दोघेजण थांबतील आणि त्याबद्दल नंतरही कोणी चेष्टा करणार नाही. दोघेजण अशासाठी, की मदत आणायला एक गेला तरी रुग्णाजवळ एकजण राहतो. आमच्या मंडळात आता हा नियम गाडीत बसतानाच सांगितला जातो. आणि मागच्या माणसाने पाय पाहावेत, चेहरे पाहावेत. वारंवार नाडी बांधणारा, उगाच फोटो काढायला थांबणारा, गप्पिष्ट असून अचानक गप्प झालेला, अशा माणसाची हलकेच चौकशी करावी.

ही लक्षणे दिसताच थांबा

छातीत दडपण, जळजळ किंवा आवळणे, हात, जबडा, पाठ किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे, श्रमाच्या मानाने फारच जास्त दम, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छाती न दुखताही केवळ दम, मळमळ किंवा कमालीचा थकवा एवढेच दिसू शकते. विश्रांतीनेही दुखणे थांबत नसेल तर हृदयविकाराचा झटका समजूनच वागा. रुग्णाला टेकून बसवा, चालवू नका. अॅस्पिरिनची अॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या. जिभेखालची सॉर्बिट्रेट फक्त ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्यानेच, तीही बसून घ्यावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. डोंगरात रेंज मिळेलच असे नाही, म्हणून एकाला गावात पळवा. गावातली माणसे डोली करून रुग्णाला खाली आणण्यात तरबेज असतात. त्यांचा आधार घ्या. अशा वेळी प्रत्येक मिनिटाला किंमत असते.

मधुमेही माणूस थरथरू लागला, घामाघूम झाला, असंबद्ध बोलू लागला किंवा विनाकारण चिडला तर साखर उतरली असे समजा. तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून लगेच द्या, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्या, आणि मग काहीतरी खायला द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर झोपवून तातडीने दवाखाना गाठावा.

उन्हाने डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे आले तर सावली, पाणी आणि विश्रांती पुरते. परंतु अंग तापलेले आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागला तर तो उष्माघात. कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि वेळ न घालवता हलवा.

कड्यांवर आग्यामोहोळ असते. धूर, दगडफेक आणि अत्तरे टाळा. माश्या उठल्याच तर तोंड-डोके झाकून दूर पळा. चावल्यानंतर ओठ-जीभ सुजणे, अंगभर पित्त उठणे, श्वास कोंडणे असे झाल्यास ती प्राणघातक अॅलर्जी असू शकते. तिथे घरगुती उपाय करीत बसू नये. सर्पदंश झाला तर घट्ट आवळपट्टी, चिरा, रक्त चोखणे हे सारे वर्ज्य. चावलेला अवयव फळीला बांधून स्थिर ठेवा आणि रुग्णाला न चालवता रुग्णालयात न्या.

माथ्यावर

वर पोचल्यावर हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर पाहून सगळे हरखून जातात आणि काहीजण घामेजल्या अंगानेच केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात उतरतात. रक्तदाब किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी हा मोह आवरावा. तापलेल्या शरीराला एकाएकी गारठा लागला की रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि हृदयावर ताण येतो. दर्शन काठावरूनही घडते. जेवण पोटभर नको, दोन वेळा थोडेथोडे बरे. मद्याची बाटली सोबत नेणाऱ्यांना मी एवढेच सांगतो, की परतीच्या वाटेवर तोल आणि शुद्ध दोन्ही लागतात. कोकणकड्याच्या काठावर उभे राहून फोटो काढू नका. परतीची वेळ निघतानाच ठरवा. दुपारी दोन म्हणजे दोन. माथा गाठलेला असो वा नसो.

उतार सोपा नव्हे

"आता काय, उतारच आहे" हे वाक्य मी फार ऐकतो. चढाने हृदय दमते, उताराने गुडघे. उतरताना गुडघ्याच्या वाटीवर शरीराच्या वजनाच्या तीन-चार पट भार येतो. म्हणून पावले आखूड टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, काठी पुढे टेकवा आणि उड्या मारू नका. तळपायाला जळजळ जाणवली की तिथेच बूट काढून चिकटपट्टी लावा. फोड येण्याची वाट पाहू नका. दुखू नये म्हणून सकाळीच वेदनाशामक गोळी घेऊन निघण्याची चाल काहींनी पाडली आहे. शरीरात पाणी कमी असताना अशा गोळ्या मूत्रपिंडाला अपाय करतात, शिवाय इजा झाली तरी ती कळत नाही. ही चाल मोडावी.

घरी आल्यावर

कोमट पाण्याने पाय धुऊन उजेडात नीट पाहावेत. मधुमेहींनी बोटांच्या बेचक्यांसह पाहावेत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात, ते स्वाभाविक आहे. हलके चालणे हाच त्यावर उपाय. मात्र दुखणे असह्य असेल आणि लघवी काळपट तांबूस होऊ लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. इन्सुलिन किंवा वर सांगितलेल्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर त्या रात्री किंवा पहाटेही उतरू शकते, म्हणून झोपण्यापूर्वी ती तपासून, थोडे खाऊन झोपावे. घरच्यांनाही याची कल्पना द्यावी.

डोंगर कुठे जात नाही. आज अर्ध्यातून परतलात तर पुढच्या रविवारी पुन्हा जाता येते. गडावर जाऊन आल्याचा आनंद माथ्यावर पोचलेल्यांच्या संख्येवर मोजू नका; जितके गेले तितके सगळे हसतखेळत घरी परतले, की मोहीम फत्ते झाली असे समजा.